तिथीची पाऊणकी

वऱ्हाडातील माणसाला खाऱ्या पाण्याची ओळख समुद्राने करून दिलेली नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली की पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. पातूर या पट्ट्याच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. तरीही तेथील व्यापारी घरांत अशा पुष्कळ सासवा-सुना आहेत, ज्यांचे माहेर खारपाणपट्ट्यातील आहे आणि ज्यांनी लहानपणी गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी लांबची वाट तुडवली आहे.

समुद्राशी वऱ्हाडचा संबंध आला तो कापसामुळे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाठी मुंबईच्या बंदरातून जहाजावर चढल्या आणि समुद्रापार गेल्या. गाठी विकणारी माणसे मात्र आपापल्या गादीवरच राहिली.

अशाच एका घरातील ही गोष्ट आहे. घर कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. पुढे दुकान, मागे घर, गल्ल्याशेजारी पंचांग आणि भिंतीवर शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची तसबीर असलेली घरे त्या भागात अनेक आहेत. घरातील नात पुण्यास सी.ए.च्या अभ्यासासाठी राहते. दिवाळीला ती घरी आली आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या वह्यांना कुंकू लागून झाल्यावर, तिने विषय काढला. तीन मैत्रिणी, त्यांपैकी एकीचा भाऊ आणि त्याची पत्नी, अशी मंडळी मार्गशीर्षात एक आठवडा शिडाच्या नौकेतून मुंबईहून मालवणपर्यंत जाणार होती. वाटेत खांदेरी, उंदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग आणि शेवटी सिंधुदुर्ग, अशी पाण्यातील किल्ल्यांची रांग होती. तिला बरोबर जायचे होते.

वडिलांनी वही मिटली आणि नकार दिला. आईने कारण सांगितले. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला झालेला अपघात तिच्या मनातून गेला नव्हता. तासाभराच्या वाटेवर, मुंबईच्या डोळ्यांदेखत माणसे बुडाली. मग आठवडाभराच्या वाटेचे काय?

वडिलांनी शास्त्राचा आधार घेतला. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीच्या दोन मुलांची कथा त्यांनी चातुर्मासातील व्याख्यानात नुकतीच ऐकली होती. जिनपालित आणि जिनरक्षित या चंपानगरीच्या व्यापारीपुत्रांनी समुद्रावर अकरा सफरी केल्या आणि अकराही वेळा ते धन घेऊन सुखरूप परतले. बाराव्या वेळी आईवडील म्हणाले की घरात पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढे आहे, आता जाऊ नका. मुलांनी ऐकले नाही. नौका फुटली आणि फळीच्या आधाराने दोघे रत्नद्वीपावर लागले. तेथील देवीने त्यांना भोगांत गुंतवून ठेवले. शैलक यक्ष घोड्याचे रूप घेऊन त्यांना पाठीवरून परत नेत असता देवीच्या आर्जवाने जिनरक्षिताने मागे वळून पाहिले आणि तो पडला. जिनपालित तेवढा चंपेस पोहोचला.

“आईवडिलांचे न ऐकल्याचे फळ ते,” वडील म्हणाले.

आजोबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी पाच वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले आहे. उत्तरेस अकोला आणि दक्षिणेस शिरपूर, याच्या बाहेर ते जात नाहीत. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच, तरुणपणी मालाच्या वसुलीसाठी मुंबईस गेले असता पाहिला होता.

“नौका दोघांचीही फुटली,” ते म्हणाले. “पडला तो एकच, मागे वळून पाहणारा. कथा नौकेला दोष देत नाही.” मग ते नातीकडे वळले. “त्यांची बारावी सफर लोभाची होती. तुझी पहिली कशाची, ते आधी सांग.”

नातीने बराच विचार केला. अभ्यास, अनुभव, इतिहास अशी उत्तरे तिच्याजवळ तयार होती. ती तिने बाजूला ठेवली. “पाहायचे आहे, आजोबा. दुसरे काही नाही.”

उत्तर खरे होते. म्हणून बोलणे पुढे सरकले.

समुद्रगमनाचा वाद जैन समाजाला नवा नाही. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे आमंत्रण आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना आले. साध्वाचारानुसार त्यांना जहाजाने जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवले. त्या तरुण श्रावकाने परदेशात जैन दर्शनाची बाजू मांडली आणि नियमही पाळले. तरी परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काहींनी त्यांच्यावर आक्षेप घेतलाच. याउलट आपल्या कथांत समुद्र पावलोपावली भेटतो. उत्तराध्ययन सूत्रातील समुद्रपाल हा पालित नावाच्या श्रावक व्यापाऱ्याचा मुलगा. तो समुद्रप्रवासातच जन्मला, म्हणून त्याचे नाव समुद्रपाल. नवपदाच्या ओळीत वाचल्या जाणाऱ्या श्रीपाळाच्या कथेत तर धवल शेठ श्रीपाळाला नौकेवरून समुद्रात लोटतो आणि नवपदाचे स्मरण करीत तो कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर त्या कथेची आठवण जागवते. आजीने ही कथा काढली आणि म्हणाली, “ढकलणारा नौकेवरचाच होता हो. समुद्राने तर तारले. बरोबर कोण आहे, ते पाहा.”

बरोबर कोण आहे, याची चौकशी झाली. मैत्रिणीच्या भावाला शिडाच्या नौकेचा पुष्कळ वर्षांचा सराव होता. शिवाय किनाऱ्याची खडानखडा माहिती असलेला एक अनुभवी तांडेल नौकेवर राहणार होता. जीवरक्षक जाकीट दिवसभर अंगावर राहील, हे आईने वदवून घेतले. मग आजोबांनी पाटी मागवली.

“पाणी किती घेणार?”

नौकेच्या टाकीत साडेतीनशे लिटर पाणी मावत होते. माणसे सात आणि दिवसही सात. आजोबांनी भागाकार केला. माणशी रोज सात लिटरांहून किंचित अधिक पाणी येत होते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर धरतात आणि ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने 55 लिटर धरले आहेत. सात लिटरांत पिणे, स्वयंपाक आणि धुणे बसवायचे होते. आजी हसली. तिच्या माहेरी तेवढ्यातच भागत असे.

नियम ठरले. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. पाणी उकळलेले, हिवाळ्यात ते चार प्रहर चालते, म्हणून रोज पहाटे नवे उकळायचे. कंदमूळ नाही. नौकेवरून गळ टाकायचा नाही, हे मैत्रिणींशी निघण्याआधीच बोलून घ्यायचे. मात्र किनाऱ्यावर उतरल्यावर कोणी काय खावे, यात बोलायचे नाही. रोज सकाळी चौदा नियम धारताना वाहन, दिशा आणि न्हाण यांची मर्यादा तिने स्वतः ठरवायची. आणि रोज एक पान लिहायचे.

“काय लिहू?”

“भरतीची वेळ.”

येथे आजोबांनी सर्वांना चकित केले. मुंबईच्या त्या जुन्या फेरीत एका कोळ्याने त्यांना एक हिशोब सांगितला होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जे येईल, ती भरतीची वेळ. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. रोज पाऊण तास पुढे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण असते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते, पाण्याची चढउतार कमी होते, त्याला भांग म्हणतात. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या माणसाला हा हिशोब विसरणे शक्य नव्हते. चाळीस वर्षे तो पडताळण्याची संधी मात्र मिळाली नव्हती.

पंचांग उघडले. नौका मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला निघणार आणि चतुर्दशीला मालवणास पोहोचणार होती. दोन्ही टोकांना पर्वतिथी आणि मध्ये मौन एकादशी. वडिलांनी पंचांग दोनदा पाहिले. त्यांनी होकार दिला नाही. खाखरे, मेथीचे ठेपले, मूगडाळ आणि सुके पीठ किती लागेल, याची यादी करावयास मात्र बसले.

मुंबई ते मालवण हे अंतर समुद्रमार्गे सुमारे पावणेदोनशे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. शिडाची नौका तासाला चार-पाच मैल चालते, म्हणजे सायकलहूनही हळू. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा वारा. तांडेल पहाटे नांगर उचलीत असे आणि दिवस मावळण्याच्या आत एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकीत असे. कोकणच्या पाण्यात मासेमारीची जाळी पसरलेली असतात आणि त्यांचे तरंगते बोये अंधारात दिसत नाहीत. रात्री न चालण्याचा तांडेलाचा नियम आणि रात्री न जेवण्याचा नातीचा नियम, असे दोन्ही पहिले पाच दिवस सुखाने बरोबर चालले.

अष्टमीला खांदेरी उजवीकडे ठेवून नौका अलिबागेपुढे आली. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधावयास घेतले आणि इंग्रजांच्या आरमाराला न जुमानता पुरे केले. नवमीला राजपुरीची खाडी लागली. एका बाजूला सिद्दीचा जंजिरा, जो मराठ्यांना कधीच घेता आला नाही, आणि समोर त्याला शह देण्यासाठी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. दशमीच्या सकाळी ती मंडळी राजपुरीच्या होडीतून जंजिऱ्यात गेली. त्या होड्या आजही शिडावर चालतात. चहूकडे समुद्र आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचे तलाव पाहून नातीने वहीत आजीसाठी एक ओळ लिहिली.

मौन एकादशीला सुवर्णदुर्गाहून जयगडापर्यंत जायचे होते. एकशे पन्नास कल्याणकांचा हा दिवस. तिने उपवास आणि मौन धरले; नौकेवर तिच्या वाटचे काम खुणांनी चालले. मैत्रिणींनी आधी थट्टा केली, मग त्याही हळू बोलू लागल्या. शिडाला वारा भरलेला असता इंजिनाचा आवाज नसतो. त्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा आणि दोरांचा तेवढा आवाज होता.

त्रयोदशीला रत्नागिरीहून विजयदुर्गाकडे जाताना वारा पडला. इंजिन सुरू केले आणि थोड्या वेळाने ते गुदमरून थांबले. कोणाच्या तरी जाळ्याचा दोर पंख्यात अडकला होता. तांडेल कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दिवस कलला होता, झुलत्या चुलीवर खिचडी अर्धी शिजली होती. सुरी फिरवली असती तर काम लवकर झाले असते. तांडेलाने सुरी वर ठेवली आणि एकेक वेढा सोडवीत बसला. शेवटी जाळे मोकळे करून त्याने त्याचा बोया पुन्हा बांधला, नीट ओढून पाहिला आणि मगच वर आला. तोवर सूर्य बुडाला होता. विजयदुर्गाच्या खाडीत अंधारात, दिव्याच्या झोतात बोये चुकवीत नौका आली. नातीने सहा जणांना खिचडी वाढली आणि स्वतः निजावयास गेली. ती जेवली नाही, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

चतुर्दशीला दिवस उतरण्याच्या आत मालवण आले. पौर्णिमेला सकाळी त्यांनी सिंधुदुर्ग पाहिला. 1664 मध्ये काम सुरू होऊन तीन वर्षांत उभा राहिलेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत आणि तिन्हींचे पाणी गोडे. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे; तेथील पाण्यात प्रवाळ वाढते. जीवविचारात प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत केली आहे, आजचे जीवशास्त्र त्यास सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. दोन्हीकडे ते सजीवच. एका नांगराच्या फटक्याने कित्येक वर्षांची वाढ मोडते, म्हणून तांडेलाने वाळूचा तळ शोधूनच नांगर टाकला होता. मैत्रिणींनी मालवणात पोटभर मासे खाल्ले. नातीने त्यांच्याच पंगतीला बसून भात आणि लसूण न घातलेली सोलकढी घेतली.

पातूरला परतल्यावर तिने वही आजोबांपुढे ठेवली. आजोबांनी चष्मा लावला आणि रोजमेळ तपासावा तशी पाने तपासली. अष्टमी, हिशोब सहा. प्रत्यक्ष सहाच्या सुमारास. नवमी, पावणेसात. दशमी, साडेसात. पुढे पुढे फरक पडू लागला होता. दक्षिणेकडे जावे तशी भरती हिशोबाच्या थोडी आधी येत गेली होती. तांडेलाने त्याचे कारणही सांगितले होते : भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते, म्हणून मालवणला ती मुंबईच्या आधी पोहोचते.

“बाजार बदलला की भाव बदलतो,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी समासात खूण केली.

त्रयोदशीच्या पानावर ते थांबले. तेथे लिहिले होते : आज चौविहार पाळला, पण मनातून मोडला. तांडेलाने जाळे कापावे, असे मला सतत वाटत होते. माझे जेवण वेळेवर व्हावे म्हणून.

आजीने ते ऐकले आणि ती गोंधळली. “पण जाळे ते मासे मारण्याचेच ना? कापले असते तर जीव तरी वाचले असते.”

“मी जिवांचा विचार करून म्हटले असते तर वेगळे होते, आजी,” नात म्हणाली. “मी खिचडीचा विचार करीत होते.”

घरात कोणी काही बोलले नाही. वडिलांनी विचारले, “जाळे कोणाचे होते?”

“माहीत नाही. तांडेलालाही माहीत नव्हते.”

“माहीत नसताना बोया बांधून दिला?”

“हो.”

आजोबांनी पान उलटले नाही. “अचौर्य आपण वहीत सांभाळतो, कारण वही कोणी ना कोणी तपासतो,” ते सावकाश म्हणाले. “आजीचा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर मलाही पुरते देता येत नाही. पण जाळे आपले नव्हते, एवढे नक्की. आणि हे पान तू लिहिले नसतेस तर सगळ्या वहीचा हिशोब चुकला असता.”

त्यांनी वही आपल्याजवळ ठेवून घेतली. आजीने सिंधुदुर्गाच्या विहिरींबद्दल पुन्हा विचारले. समुद्राच्या मध्यावर गोडे पाणी, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. तिच्या माहेरी जमिनीच्या मध्यावर खारे होते.

नात पुण्यास गेली. पंधरवडा उलटला आणि वद्य चतुर्दशी आली. प्रतिक्रमण आटोपून घर निजावयाच्या तयारीत होते. वडील दुकानाचे कुलूप ओढून पाहून आत आले, तर आजोबा ओट्यावर बसलेले. घड्याळात दहा वाजून गेले होते.

“काही हवे आहे का?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “चौदाची पाऊणकी साडेदहा. मुंबईला पाणी चढत असेल. मालवणला एव्हाना चढलेही असेल.”

वडील क्षणभर उभे राहिले. मग तेही ओट्यावर बसले.